हानुक कुठे आहे?

बुरू साहेब तट्टावरून उतरले तेव्हाच मी ओळखलं, या खेपेलाही काही झालेलं नाही. काम झालेला माणूस टुणकन उडी मारतो. हे एक पाय खाली टेकवून तसेच उभे राहिले, दुसरा रिकिबीतच. तट्टूसुद्धा मान टाकून उभं. दोघांनाही मी आधी पाणी दिलं.

"काय म्हणाले रांचीला?" मी विचारलं.

"अर्ज ठेवून घेतला."

"ठेवून घेतला म्हणजे?"

"म्हणजे ठेवून घेतला, मार्था."

जळलं मेलं ते ठेवून घेणं! वीसेक वर्षं हा माणूस अर्ज लिहितोय आणि वीसेक वर्षं ते लोक ठेवून घेताहेत. आमच्या बेगारीवर अर्ज, आमच्या जंगलावर अर्ज, गाव ठेक्यानं घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी कोंबड्या उचलून नेल्या त्यावरही अर्ज. एक अर्ज म्हणे समुद्रापलीकडे गेला. तिथल्या भल्या माणसांनी तो चर्चमध्ये वाचला, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी आमच्यासाठी पेटीभर लोकरीचे मोजे पाठवले. आम्हा मुंडा लोकांच्या पायात मोजे! माझ्या सासूनं त्यांत बियाणं भरून आढ्याला टांगून ठेवलं.

साहेबांचं खरं नाव ब्रुन्स. जर्मनीहून आलेले पाद्री. आमच्या जिभेला ते ब्रुन्स काही वळेना, म्हणून लोक बुरू म्हणू लागले. बुरू म्हणजे आमच्या बोलीत डोंगर, आणि माणूस बघाल तर शेवग्याची शेंग. माझा धाकटा दीर सिंगराय म्हणायचा, "या डोंगरावर एक शेळी चरायला सोडली तरी उपाशी मरेल." साहेबांना कुणीतरी ते सांगितलं. ते हसले, आणि पुढच्या वेळी सिंगराय भेटला तेव्हा त्यालाच विचारलं, "शेळी कशी आहे?" असा माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी कसं? पण मी रागवायची. मी भरपूर रागवायची.

कारण त्यांचं खरं बोलणं. सगळ्या मुलखात माहीत होतं, की बुरू साहेब खोटं बोलत नाहीत. ठेकेदाराला माहीत, फौजदाराला माहीत, गुराख्यांना माहीत. मिशनच्या टेकडीवर चर्चचं छप्पर चढत होतं तेव्हा माझ्या नवऱ्यानं, हानुकनं, जंगलातून साल झाडाचा एक वासा आणला. जंगल आमच्या वाडवडिलांचं, पण कागदावर ते जमीनदाराचं झालेलं. फिर्याद झाली. साक्षीला कोण? पाद्रीसाहेब. विचारलं, हानुकला वासा आणताना तुम्ही पाहिलं का? हे म्हणाले, पाहिलं. अहो, वासा कुणासाठी होता? तुमच्याच देवासाठी ना? पण नाही. पाहिलं म्हणजे पाहिलं. हानुक हजारीबागच्या तुरुंगात खडी फोडायला गेला आणि साहेब दर महिन्याला त्याला भेटायला चालत गेले. हात दाखवून अवलक्षण ते दुसरं काय! तेव्हापासून गावात म्हण पडली, की बुरू साहेबाची साक्ष म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा.

आणि आता धोंड्याचीच गोष्ट आली होती.

आम्ही सारजोमहातूचे. आज जिथे शेतं आहेत तिथे एके काळी सालाचं जंगल होतं. आमच्या पूर्ती कुळाच्या पूर्वजांनी ते तोडून गाव वसवलं. ज्यानं जंगल तोडलं त्याची जमीन, हा आमचा कायदा, आणि त्याचा पुरावा गावाबाहेर चिंचेखाली आडवा पडलेला आहे. सासानाची शिळा. कुळातलं कुणीही मोठं माणूस मेलं की त्याची हाडं त्या शिळेखाली जातात. वर्षातून एकदा, कापणी आटपली की, पाहान म्हणजे गावचा पुजारी शिळा उचलायला लावतो, त्या वर्षीची हाडं आत जातात, शिळा परत मिटते. मग वर्षभर तिला कुणी हात लावायचा नाही. दिकूंचा, बाहेरून आलेल्या लोकांचा, पुरावा कागदावर असतो, आमचा दगडाखाली. कागद उंदीर खातात, शिळेला उंदीर काय करणार, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची. उंदीर नसेल करत, पण ठेकेदाराचा मुखत्यार करतो की.

त्या वर्षी सरकारनं एकदाचा हाकीम धाडला. गावोगाव तंबू ठोकायचा, कोण जंगल तोडणाऱ्यांच्या कुळातला ते तपासायचं आणि तसं लिहून द्यायचं. ज्याचं नाव लिहिलं त्याला ना बेगार, ना कुणी त्याला हुसकू शकणार. ज्याचं नाही लिहिलं तो ठेकेदाराचं कूळ, आज आहे, उद्या नाही. अर्जांनी हे झालं की डोंगरातल्या पोरांनी बंड करून बाण मारले म्हणून झालं, देव जाणे. झालं खरं. सिंगराय आणि बाकीचे लोक निश्चिंत होते, कारण शिळा त्यांचीच होती. खोडा होता तो आम्हा ख्रिस्ती घरांना.

आमच्या गावात पहिला बाप्तिस्मा हानुकनं घेतला. त्याच्यामागून आणखी काही घरं आली. तेव्हा बुरू साहेब तरुण होते, रक्त गरम होतं. शिळेपाशी कोंबडं कापतात, इली म्हणजे तांदळाची दारू पितात, म्हणून त्यांनी आम्हाला ते बंद करायला लावलं. ख्रिस्ती माणसानं क्रूसाखाली निजावं. आम्ही मानलं. तो दगड म्हणजे आमची सनद आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आमच्या डोक्यात आलं नाही, की हे सांगायला हवं. मासा कुणाला सांगतो का, की मला पाणी लागतं म्हणून?

ख्रिस्ती घरांतला कर्ता पुरुष असा गेला तो हानुकच पहिला, आधल्या वर्षीच्या थंडीत. टेकडीवर त्याला पुरलं. त्याची तशी इच्छाच होती. खाटेवर पडल्या पडल्या माझा हात धरून म्हणाला, "शिळेखाली सगळ्यांची हाडं एकत्र होतात. कोण कुणाचा, कळत नाही. मला माझी वेगळी जागा दे, आणि वर माझं नाव. जन्मभर दिकूंनी मला नावानं नाही, जातीवरून 'ए कोल' म्हणून हाक मारली गं." साहेबांनी स्वतः कोरून सालाच्या फळीवर नाव घातलं, हानुक पूर्ती. मला वाचता येत नाही, पण ती अक्षरं मी बोटानं गिरवून पाठ केली आहेत.

तर मुखत्यार, ठेकेदाराचा वकील, हाकिमाला म्हणाला, की ही ख्रिस्ती माणसं स्वतःहून कुळाबाहेर गेली आहेत. यांचा कर्ता माणूस मेला, त्याची हाडं शिळेखाली नाहीत. म्हणजे यांची शेतं ठेकेदाराची. हाकीम म्हणाला, बघतो. मी सारजोमहातूला येईन तेव्हा विचारीन. सगळ्या ख्रिस्ती घरांचं भवितव्य माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या हाडांवर येऊन ठेपलं. आणि माझा एकुलता एक दाऊद आसामात चहाच्या मळ्यावर पानं खुडत होता. शेत सांभाळ आई, मी येतो, असं सांगून गेलेला. तो येईल तेव्हा त्याला मी काय दाखवणार? लोकरीचे मोजे?

मोहाची फुलं पडायला लागली होती. मी सकाळी झाडाखाली वेचत होते, तर सिंगराय आला. माझा धाकटा दीर, गावचा पाहानही तोच. मला अजून बाप्तिस्म्याच्या आधीच्या नावानं हाक मारायचा, मुद्दाम.

"नौरी वहिनी, फुलं वेचतेस? ख्रिस्ती लोकांना दारू चालत नाही ना?"

"भाजून खायला वेचतेय, भावजी. तुमच्यासारखी प्यायला नाही."

"मग पोटात गेल्यावर ती देवाला विचारून फुगतात का?"

"तोंड बंद करा आणि कामाचं बोला."

तो उकिडवा बसला, आणि फुलं माझ्या टोपलीत टाकत टाकत बोलू लागला. "हे बघ. यंदा शिळा उघडली तेव्हा ठेकेदाराचं माणूस कुणी नव्हतं. तू हाकिमाला सांग, की हानुकची हाडं आम्ही तेव्हाच आणून ठेवली. झालं. शिळा उघडून बघायची हाकिमाची टाप नाही, गाव पेटेल."

"मग तुम्हीच सांगा की. पाहान तुम्ही."

सिंगरायचा चेहरा पडला. "मी कसा सांगू? मला वाघाच्या कातड्यावर बसवून शपथ घ्यायला लावतात. त्यावर खोटं बोललो तर वाघ खाईल मला. आमच्या आजोबांच्या चुलत भावाला खाल्लं होतं. तू ख्रिस्ती. तुला वाघाचं भय नाही."

"मला पुस्तकावर हात ठेवायला लावतील ना!"

"पुस्तक काय चावतं का?"

रडायच्या बेतात होते, तरी मला हसू आलं. मेला, आपला जीव वाचवून माझा आत्मा नरकात धाडायला निघाला होता. पण खोटं बोलायची माझी तयारी होती. खरंच होती. दाऊदसाठी मी दहा पुस्तकांवर हात ठेवला असता. अडचण एकच होती, आणि ती दोघांच्याही मनात एकाच वेळी आली.

"तुझा डोंगर," सिंगराय म्हणाला.

हाकिमाला आमची मुंडारी बोली येत नव्हती. कचेरीचे दुभाषे ठेकेदाराच्या ताटातले. आम्ही 'शेत आमचं' म्हणालो की ते 'शेत मालकाचं' म्हणून सांगायचे. म्हणून बुरू साहेबांनी हाकिमाच्या पाठी लागून लागून दुभाष्याचं काम स्वतःकडे घेतलं होतं. तेवढा एक अर्ज काय तो मंजूर झाला. ते नसतील तर आमचे शब्द वाटेत मरणार, आणि ते असतील तर माझं खोटं वाटेत मरणार. आगीतून उठून फुफाट्यात.

दुपारी मी टेकडी चढून मिशनवर गेले. साहेब ओसरीत बसून फाटलेला जोडा दाभणानं शिवत होते. मी खालीच बसले.

"साहेब, त्या दिवशी आजारी पडा."

त्यांनी वर पाहिलं. "मग बोलणार कोण तुमच्या बाजूनं?"

"मग बोला. पण मी बोलेन तसंच सांगा. मी म्हणाले हाडं शिळेखाली आहेत, तर शिळेखाली."

"तू जे बोलशील ते मी शब्दाला शब्द सांगेन. दुभाष्याचं काम तेच."

"आणि हाकिमानं तुम्हालाच विचारलं तर?"

साहेबांचं दाभण कातड्यात अडकलं होतं, ते ओढत राहिले. मग म्हणाले, "मार्था, मला नाही येत."

"काय नाही येत?"

"तू मागतेस ते. शिकलोच नाही. म्हातारपणी आता कसं शिकू?"

"आम्ही शिकलो की तुमचा देव! म्हातारपणीच शिकली माझी सासू. तिला नाही अवघड गेलं?"

मी तरातरा उठले. उतरताना हानुकच्या फळीपाशीही थांबले नाही. इतका संताप झाला होता, की पाय कुठे पडताहेत ते दिसेना. वाटलं, यांचा एक देव वर बसलाय आणि हे खाली त्याच्याच तोऱ्यात. मरणार मात्र आम्ही.

हाकिमाचा तंबू चिंचेपलीकडे पडला. गोरा, मध्यम वयाचा माणूस, उन्हानं नाक सोललेलं. त्याच्याही चेहऱ्यावर बुरू साहेबांसारखाच शीण होता. रोज नवं गाव, रोज तेच भांडण. मुखत्यार कोट घालून, पान चघळत ठेकेदाराच्या शेजारी बसला होता. सगळं गाव उन्हात उकिडवं. बुरू साहेब हाकिमाच्या उजव्या हाताला उभे. त्यांना खुर्ची दिली होती, ते बसले नाहीत.

आधी सिंगरायला बोलावलं. वाघाच्या कातड्याच्या अगदी कडेला तो असा बसला, की जणू शेपटी तुडवली जाईल. शिळा कुणाची? आमची. हानुक कोण? माझा सख्खा भाऊ. त्याची हाडं शिळेखाली आहेत का? सिंगराय घुटमळला आणि म्हणाला, "शिळेखाली काय आहे ते पाहान बाहेरच्याला सांगत नाही. तशी रीत आहे." साहेबांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मुखत्यार हसला. बरा निसटला मेला माझा दीर.

मग माझं नाव पुकारलं.

पुस्तकावर हात ठेवला. जाड, काळं, उन्हानं तापलेलं. हाकिमानं विचारलं, साहेबांनी मुंडारीत मला सांगितलं, "ते विचारताहेत, तू मेल्यावर तुझी हाडं कुठे जाणार?"

मी सगळं घोकून आले होते. पण त्यांनी विचारलं होतं माझ्याबद्दल, हानुकबद्दल नव्हे, आणि माझी सगळी घोकंपट्टी तिथल्या तिथे विस्कटली. समोर साहेब उभे. त्यांचा शिवलेला जोडा दिसला, पुन्हा उसवलेला. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलंच नव्हतं.

"जिथे माझा नवरा, तिथे मी," मी म्हणाले. "दुसरीकडे कुठे जाणार?"

साहेबांनी ते सांगितलं. हाकिमानं मान हलवली. "आणि नवरा कुठे आहे?"

मी तोंड उघडणार तोच मुखत्यार उठून उभा राहिला. हिंदीत बोलला, सगळ्यांना कळावं म्हणून. "हुजूर, बाईला कशाला त्रास? हानुकला मूठमाती कुणी दिली? पाद्रीसाहेबांनी. त्यांनाच विचारा. पाद्रीसाहेब खोटं बोलत नाहीत, अख्खा जिल्हा जाणतो. ते सांगतील ते आम्हाला मान्य." आणि ठेकेदाराकडे बघून त्यानं डोळे मिचकावले.

 सिंगरायनं तर डोळेच मिटून घेतले. संपलं सगळं. मला दाऊद दिसला, पाठीवर गाठोडं घेऊन बांधावर उभा आणि आमच्या शेतात परक्याचा नांगर. मला वाटलं, धावत जाऊन या म्हाताऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा.

 हाकिमानं पुन्हा विचारलं, "सांगा पाद्रीसाहेब. हानुक पूर्ती कुठे आहे?"

साहेबांनी चिंचेकडे पाहिलं नाही, टेकडीकडेही नाही. खाली मातीकडे पाहिलं. मग मुखत्यारानं विचारलं होतं त्याच भाषेत, हिंदीत म्हणाले, "तो आपल्या पूर्वजांना जाऊन मिळाला."

 मला आधी कळलंच नाही, की मी काय ऐकलं. मग कळलं. जुन्या करारात म्हातारी माणसं मरतात तेव्हा असंच म्हणतात. अब्राहाम मेला, पूर्वजांना मिळाला. इसहाक मेला, पूर्वजांना मिळाला. साहेबांनीच आम्हाला शिकवलेलं. पण मुखत्यारानं कधी जुना करार वाचला होता? त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं.

"म्हणजे शिळेखाली?" तो ओरडला. "सरळ सांगा, शिळेखाली?"

हाकीम बुरू साहेबांकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. तोही ख्रिस्तीच, त्याच्याही घरी ते पुस्तक असणार. त्याला समजलं असेल की नसेल, ते मी आजवर सांगू शकत नाही. तो मुखत्याराकडे वळला आणि म्हणाला, "पाद्रीसाहेब सांगतील ते मान्य, असं तुम्हीच म्हणालात. बसा." आणि लिहू लागला.

ख्रिस्ती घरांची सगळी नावं त्यानं लिहिली. माझ्या शेतापुढे हानुकच्या मुलाचं, दाऊदचं, नाव आलं. मुखत्यार बडबडत तंबूबाहेर गेला आणि कुत्र्याच्या अंगावर पचकन थुंकला. सिंगराय कातड्यावरून उठला तो थेट माझ्यापाशी, आणि लहान मुलासारखा रडायलाच लागला. "वहिनी, डोंगर हलला गं, डोंगर हलला!" गावात नगारे वाजले, इलीची मडकी फुटली. आम्ही ख्रिस्ती प्यायलो नाही असं म्हणते, तुम्ही माना.

बुरू साहेब जेवायला थांबले नाहीत. तट्टावर बसले आणि गेले. आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मीही नगाऱ्याकडे गेले.

दोनचार दिवसांनी पाटीभर तांदूळ आणि एक कोंबडी घेऊन मी टेकडीवर गेले. साहेब ओसरीत नव्हते. चर्चमागे कुदळीचा आवाज येत होता. जाऊन बघते तर साहेब हानुकपाशी. सदरा काढून ठेवलेला, बरगड्या मोजून घ्याव्या अशा. गवताचा थर कापून नीट एका बाजूला रचलेला. शेजारी एक नवं मडकं.

"हे काय चाललंय?" मी ओरडले. कोंबडी हातातून सुटली.

ते दचकले नाहीत. कुदळीला टेकून उभे राहिले. "बरं झालं आलीस. मी तुला विचारायला येणारच होतो."

"उकरून झाल्यावर?"

"अजून वरचं गवतच काढलंय. सिंगरायशी बोललो मी. मडक्यात हाडं ठेवायची, पुढच्या खेपेला शिळा उघडेल तेव्हा तो आत ठेवेल. कोंबडं कापणार नाही म्हणाला, माझ्यासाठी."

"मुखत्यार तपासायला येईल म्हणून भिता?"

"तो नाही येणार. पण मी इथे रोज येतो, मार्था." त्यांनी कुदळ दुसऱ्या हातात घेतली. "तू म्हणालीस, जिथे नवरा तिथे मी. ते खरं होतं. मी म्हणालो ते खरं नव्हतं."

"पुस्तकातलंच वाक्य होतं ना?"

"म्हणून तर. खोटं बोलायला मी तेच वाक्य घेतलं. मला ते खरं करू दे. हानुक शिळेखाली गेला, की मी बोललो ते खरं होईल."

मला त्यांची दया आली. खोटं नाही सांगत, फार दया आली. उन्हात उभा असा म्हातारा, आणि मागतोय काय, तर मूठभर हाडं. हो म्हणणं किती सोपं होतं. पण मला खाटेवरचा हानुक आठवला. मला माझी वेगळी जागा दे. तिकडे शिळेखाली गेला, की तो पुन्हा कुणातरी एकाचं हाड होणार. नावाची फळी कुठे रोवणार, शिळेवर?

"नाही," मी म्हणाले.

"मार्था..."

"नाही म्हणजे नाही. तुमच्या खऱ्यापायी तो तुरुंगात गेला. परत आला तेव्हा तळहातांची सालं निघालेली, पण तुमच्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही. 'साहेबांना तसंच बोलता येतं,' म्हणाला. तुमचं खरं आम्ही वाहिलं, साहेब. इतकी वर्षं वाहिलं. आता हे एक खोटं तुम्ही वाहा. त्याला उठवू नका."

"मला नाही झेपणार ते."

"आम्हाला तरी कुठे झेपत होतं?"

ते खाली बसले. कुदळ बाजूला पडली. मी पाणी आणायला विहिरीवर गेले, परत आले तर ते गुडघ्यांवर वाकून गवताचे तुकडे जागच्या जागी बसवत होते, हातानं दाबून दाबून. मी त्यांच्या शेजारी बसले आणि दुसऱ्या बाजूनं दाबू लागले.  मडकं मी घरी नेलं, डाळीला झालं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या नावानं भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. साहेबांनी भाकर मोडली. मनात पाप ठेवून ती खायची नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. दरवेळी आधी स्वतः घ्यायचे, मग आम्हाला द्यायचे. त्या दिवशी सरळ आमच्याकडे आले. एकेकाच्या हातावर तुकडा ठेवला, माझ्याही ठेवला, प्याला फिरवला, आणि परत जाऊन ताटावर फडकं घातलं. लोकांना वाटलं, विसरले, वय झालंय. पण त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. मरेपर्यंत त्यांनी आम्हाला ती भाकर दिली आणि स्वतः कधी तोंडात घातली नाही. दाऊद आसामातून परत आला होता, शेत नांगरत होता, बायको घेऊन माझ्या शेजारीच बसायचा. दर खेपेला मला वाटायचं, उठावं आणि मोठ्यानं म्हणावं, साहेब, पुरे झालं हो, घ्या आता. पण मग टेकडीवर आपल्या नावाखाली निजलेल्या हानुकचा विचार यायचा, आणि मी बसून राहायची.